रुवीतल्या चिनी खुर्च्या आणि माझं तापलेलं डोकं

फर्निचरच्या शोरूममध्ये दोन गोष्टी रोज साचतात, धूळ आणि किस्से. धूळ पुसायला माणूस असतो. किस्से मात्र माझ्याच डोक्यात राहायचे, आणि तिथे आधीच जागा कमी, कारण उरलेल्या जागेत राग भरलेला! मुलगी शाळेतून आली की पहिला प्रश्न, "आई, टुडे कोणावर चिडलीस?" जेवायला काय आहे, ते नंतर.

तर ओळख करून देते. मी प्रज्ञा मेश्राम, मूळची नागपूरची. फर्निचर डिझाइन शिकले आणि शिकता शिकता जुन्या चिनी फर्निचरच्या प्रेमात पडले. मिंग राजांच्या काळातली खुर्ची बघा तुम्ही. एक खिळा नाही, उगाच कोरलेलं एक फूल नाही, नुसत्या चार रेघा. आणि बसलात की पाठच म्हणते, अरे, माझा कुणीतरी विचार केलाय! नवऱ्याची नोकरी मस्कतला, घर अल हैलला. २०१३ च्या सुमारास मला तिथल्याच रुवी भागातल्या एका शोरूममध्ये डिझायनरची नोकरी मिळाली. मालक खालिद, ओमानी, सगळे त्यांना अर्बाब म्हणायचे. चीनमधल्या सूझोऊजवळच्या एका वर्कशॉपमधून जुन्या डिझाइनच्या खुर्च्या, कपाटं, पलंग बनवून आणायची हौस त्यांचीच. मॅनेजर परब साहेब, मालवणकडचे. सेल्समन बिपिन, डोंबिवलीचा. आणि फिटिंग, ड्रायव्हिंग, सामान उतरवणं सगळं बघणारे दत्ताराम, गुहागरचे, पन्नाशीला आलेले. एवढीच आमची मंडळी. पण त्यांनी मला जेवढं छळलं, तेवढं सासरच्यांनीसुद्धा नाही!

*

पहिल्याच महिन्यात मी बिपिनला बसवून शिकवलं. मिंग म्हणजे चीनमधलं राजघराणं, त्यांच्या काळात फर्निचर साधं आणि देखणं होतं. मग चिंग घराणं आलं, नक्षी वाढली, वजन वाढलं, डौल गेला. बिपिन "येस मॅडम, येस मॅडम" करत होता. मला वाटलं, चला, कळलं.

आठवड्याने एक जोडपं आलं. गोल पाठीच्या खुर्चीवरून हात फिरवत नवरा म्हणाला, "इथे लिहिलंय मिंग. हे काय आहे?"

बिपिन म्हणाला, "टॉपचं नाव आहे सर."

"मग एवढा डिस्काउंट कसा काय?"

बिपिनची पापणीसुद्धा लवली नाही. "मिंग बंद झालं ना सर! हा शेवटचा स्टॉक."

त्यांनी सहा खुर्च्या घेतल्या! ते गेल्यावर मी बिपिनला कोपऱ्यात गाठलं. "अरे निर्लज्जा, मिंग बंद होऊन साडेतीनशेच्या वर वर्षं झाली!"

"मग मी खोटं कुठे बोललो मॅडम? कधी बंद झालं, ते त्यांनी विचारलंच नाही!"

*

आता स्क्रूचा किस्सा. हा आठवला की अजून माझ्या कानशिलाची शीर उडते.

तेल कंपनीतले एक इंजिनीअर आले. पुण्याचे. खुर्ची उलटी केली, खाली वाकले, मोबाइलचा टॉर्च मारला. "खिळे कुठायत?"

मी म्हटलं, "नाहीतच. एका लाकडाची जीभ दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवलीय. चीनमध्ये शेकडो वर्षं हेच चालत आलंय. हवा दमट झाली की लाकूड फुगतं, कोरडी झाली की आकसतं. सांध्याला तेवढं हलायला जागा लागते."

"हलतं? म्हणजे लूज आहे!" असं म्हणून साहेब निघून गेले.

परब साहेबांनी ते ऐकलं. चिडले की त्यांची मालवणी बाहेर यायची. "खिळो नाय? मगे ह्या टिकतला कसा?"

मी पुन्हा सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली. शुक्रवारी माझी सुट्टी. शनिवारी येऊन बघते तर डिस्प्लेवरच्या प्रत्येक खुर्चीच्या प्रत्येक सांध्यात एकेक चकचकीत स्क्रू! मला रडूच फुटलं. दुःखाचं नाही हो, रागाचं! महिनाभरात मस्कतच्या हवेने काम केलं. स्क्रूच्या तोंडापासून लाकडाला चिरा पडायला लागल्या.

आणि नेमक्या त्याच वेळी सूझोऊहून लिन बाई आल्या. त्या वर्कशॉपच्या मालकीण. साठीच्या, ठेंगण्या, इंग्रजी मोजकं, पण प्रत्येक शब्द दगडासारखा. त्या एका खुर्चीपाशी थांबल्या. स्क्रूवर बोट ठेवलं.

"खुर्ची आजारी होती?"

बिपिनने फडकं काढून शेजारचं कपाट पुसायला घेतलं.

"मग हे इंजेक्शन कोणी दिलं?"

परब साहेबांनी क्षणाचाही विचार न करता दत्तारामकडे बोट दाखवलं. हुकूम यांचा, आणि बोट त्या माणसाकडे! दत्ताराम खाली मान घालून उभे. माझ्या ओठांवर शिवी आली होती, पण लिन बाई माझ्या आधी बोलल्या. त्यांनी दत्तारामचे हात बघितले, मग परब साहेबांकडे वळल्या.

"हात याचे. डॉक्टर कोण?"

*

मस्कतपासून लांबच्या सहम गावातल्या गिऱ्हाइकाचा फोन आला. तिथे त्यांचं अत्तरांचं दुकान. आमच्याकडून उभं कपाट नेलं होतं. "मॅडम, कपाटात डिफेक्ट आहे. दार उघडलं की आपोआप बंद होतं!"

अहो, तीच तर त्याची कमाल! मिंग काळातलं हे कपाट खाली रुंद आणि वर किंचित निमुळतं असतं. बिजागरी नाही, दार लाकडाच्याच खुंटीवर फिरतं. कपाटाच्या बाजू आत झुकलेल्या, म्हणून सोडलं की दार आपल्याच वजनाने हळूच येऊन मिटतं. ज्याने पहिल्यांदा हे केलं, त्याच्या पाया पडावं असं काम! हे सगळं मी फोनवर सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "पण मला दुकानात दार उघडं ठेवायचंय. माल दिसला पाहिजे."

"मग उघडी मांडणी घ्यायची होती!"

"कपाट छान दिसलं म्हणून घेतलं."

दहा दिवसांनी पुन्हा फोन. "मॅडम, आता दुसराच प्रॉब्लेम झालाय. तुम्ही स्वतः या."

मी आणि दत्ताराम गाडी काढून सहमला गेलो. दुकानात शिरताच दोघेही जागच्या जागी थांबलो. कपाट नमस्कार करायला वाकावं तसं पुढे झुकलेलं. दोन्ही दारं अर्धवट उघडी, लोंबत असलेली.

 दत्तारामनी विचारलं, "शेट, याला काय केलंत?"

"काही नाही. सुतार बोलावून पुढचे पाय थोडे कापून घेतले. दार उघडं राहावं म्हणून."

मी ओरडलेच. "पाय कापलेत?"

"हो, पण आता बघा ना, दार बंदच होत नाही! वॉरंटीत बसेल का?"

*

मग ते ड्रॅगनवाले. मुंबईचे मोठे बिल्डर, मस्कतमध्ये बंगला बांधत होते. आधी म्हणाले, "चायनीज म्हणजे फेंगशुई ना? तो तोंडात नाणं धरलेला बेडूक आहे का?"

"नाही."

"का नाही?"

"कारण बेडकावर बसता येत नाही!" हे मी मोठ्याने म्हटलं. परब साहेब खोकले.

त्यांना हवी होती सिंहासनासारखी खुर्ची. एक साधी, सुरेख, उंच पाठीची खुर्ची त्यांना आवडली. तिची वरची पट्टी दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असते, जुन्या चिनी अधिकाऱ्यांच्या टोपीच्या पंखांसारखी. म्हणून तिला अधिकाऱ्याच्या टोपीची खुर्चीच म्हणतात. हे ऐकून साहेब खूश. "बस, हीच! फक्त पाठीवर एक ड्रॅगन लावा. मोठा."

मी तासभर खर्च केला. म्हटलं, या खुर्चीचं सौंदर्य त्या मोकळ्या पट्टीत आहे, तिथे ड्रॅगन चिकटवणं म्हणजे सतारीला भोंगा लावणं. ते ऐकेनात. शेवटी मी धाक घालायचा म्हणून सांगितलं, "हे बघा, चीनमध्ये ड्रॅगनचे नियम होते. पाच नखांचा ड्रॅगन फक्त बादशहाचा. दुसऱ्या कोणी वापरला तर शिक्षा व्हायची."

साहेब गंभीर झाले. मिशीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, जिंकले!

"असं म्हणता? मग मला सहा नखं करा."

परब साहेबांनी राळेचा ड्रॅगन बनवून आणला. सहा नखांचा. मी त्या दिवशी आजारी आहे असं सांगून घरी बसले, आणि खरंच आजारी पडले.

*

आता जरा वेगळा किस्सा. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींनी एका सुट्टीच्या दिवशी रुवीत हॉल घेतला होता. गाणी, नाटुकली, जेवण, आणि मध्ये माझं भाषण. विषय, चिनी फर्निचरचा इतिहास. मी भरपूर तयारी केली, स्लाइड्स केल्या.

मी सांगितलं, "चीनमध्ये फार पूर्वी सगळे चटईवर बसायचे, राजासुद्धा. मग घडीचं स्टूल पश्चिमेकडच्या भटक्या टोळ्यांकडून आलं. आणि पाठ टेकायची उंच खुर्ची रुळली ती बौद्ध भिक्खूंच्या सोबत, असं बरेच अभ्यासक मानतात. आधी ध्यानाला बसायची आसनं होती, मग मठातून ती घराघरांत गेली. त्यांच्या एका बैठ्या पलंगाचं नावच लोहान पलंग आहे. लोहान म्हणजे आपला अर्हंत, निर्वाणाला पोचलेला भिक्खू."

पहिल्या रांगेत एक काका होते. मोठ्या हुद्द्यावरचे, पायावर पाय टाकून बसलेले. ते म्हणाले, "म्हणजे खुर्चीसुद्धा आपल्याकडूनच गेली म्हणा की!"

टाळ्या पडल्या. अभ्यासकांच्या वाक्यातला "मानतात" कुठेतरी टाळ्यांत वाहून गेला. ठीक आहे, म्हटलं.

मग काकांनी विचारलं, "मेश्राम म्हणजे विदर्भ का?"

"हो."

"म्हणजे बौद्ध?"

"हो."

"हां, मग बरोबर! खुर्चीत इंटरेस्ट असणारच तुमच्या लोकांना!"

तीन-चार जण हसले. बाकीचे आपापल्या ताटलीकडे बघायला लागले, आणि ताटल्या तर अजून आल्याही नव्हत्या! माझा नवरा सुगत मागच्या रांगेत होता, तो अर्धा उठला. मी त्याला हाताने थांबवलं. माझे आजोबा गावच्या मालगुजाराच्या दारात आयुष्यभर उभे राहिले. एकदा अंगात ताप होता म्हणून बाजेच्या कडेला टेकले, तर त्यांना काठीने मारलं होतं. हे मी त्या हॉलमध्ये सांगितलं नाही. तिथे सांगण्यासारखं ते नव्हतंच.

मी म्हटलं, "काका, जरा उभे राहता का?"

"मी? कशाला?"

"राहा ना, प्लीज."

काका इकडे तिकडे बघत उभे राहिले. त्यांना वाटलं, सत्कारच होणार.

"थँक यू. जमतं की तुम्हाला! मला वाटलं, तुमच्या लोकांना खुर्चीवरून उठताच येत नाही."

परत जाताना सुगत गाडी चालवत होता. अल हैलचा फाटा आला तेव्हा म्हणाला, "भाषण चांगलं झालं. पण प्रश्नोत्तरं जास्त चांगली झाली."

*

लिन बाई दुसऱ्या खेपेला आल्या तेव्हा मी त्यांना घरी जेवायला नेलं. वरण-भात, वांग्याची भाजी. त्यांनी तीनदा भात घेतला. जेवणानंतर त्या आमच्या डायनिंग टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या. टेबल साधंच, प्लायवूडचं, पण त्यांच्या अंगठ्याला काहीतरी आठवलं असावं.

त्यांच्या लहानपणी, म्हणाल्या, जुनं ते सगळं जाळून टाकायचे दिवस होते. तरुणांचे जथे घरात घुसायचे. जुनी पुस्तकं, जुनी चित्रं, जुनं फर्निचर, सगळं अंगणात आणून आग. त्यांच्या घरात पणजोबांच्याही आधीचं एक टेबल होतं, सोनेरी-पिवळ्या, सुगंधी लाकडाचं. आजीने ते परसात नेलं, त्यावर चिखल थापला आणि वर कोंबड्यांची खुराडी ठेवली. जथा आला, बघून गेला. टेबल वाचलं. कितीतरी वर्षं त्यावर कोंबड्या राहिल्या.

मग काळ बदलला आणि शहरातून व्यापारी यायला लागले. खेड्यापाड्यांतून जुनं लाकूड गोळा करायचे. एकाने ते टेबल बघितलं. नाक मुरडलं. "खराब आहे. कोंबड्यांचा वास येतो." आणि सरपणाच्या भावात उचलून नेलं. घरात तेव्हा आजीच्या औषधाची सोय नव्हती, म्हणून दिलं.

"मग?" मी विचारलं. माझ्या मुठी आधीच आवळल्या होत्या.

"मग मी कामाला लागले. सुतारकाम शिकले. फॅक्टरी काढली. एकदा परदेशात प्रदर्शनाला गेले, तिथलं म्युझियम बघितलं. काचेमागे टेबल. एका कोपऱ्यात इस्त्रीचा काळा डाग. आजीने माझ्या शाळेचा शर्ट त्यावर इस्त्री केला होता, तो डाग."

"तुम्ही सांगितलंत त्यांना? हे आमचं आहे म्हणून?"

"कोणाला सांगू? मी काचेला हात लावला. गार्ड धावत आला. म्हणाला, मॅडम, डोन्ट टच."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

लिन बाई हसल्या नाहीत.

"मी विचारलं, कोंबड्यांचा वास गेला का?"

*

शेवटचा सांगते. जून महिना. बाहेर उभं राहिलं तरी चपलेतून चटका लागेल असं ऊन. दुपारी उघड्यावर काम करायला ओमानमध्ये त्या दिवसांत बंदी असते, हे रुवीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण आमचा कंटेनर बारा वाजता आला आणि परब साहेब म्हणाले, "तासाभराचं काम आहे, यल्ला यल्ला, उरकून घ्या."

मी म्हटलं, "साहेब, चार वाजता उतरवू."

"मॅडम, तुम्ही डिझाइन बघा."

मी अर्बाबना फोन लावला. ते विमानात होते. मी बाहेर जाऊन दत्तारामना सांगितलं, आत या. ते म्हणाले, "साहेब ओरडतील मॅडम. होईल इतक्यात." दीड वाजून गेला. मग कंटेनरच्या दाराशी धप्प असा आवाज झाला.

बिपिन आणि मी धावलो. दत्ताराम जमिनीवर, डोळे पांढरे, अंग विस्तवासारखं. आम्ही त्यांना उचलून आत आणलं. एसीखाली पहिली जी खुर्ची दिसली, तिच्यात निजवलं. मागे झुकलेली, पाय पसरायला पट्टी असलेली लांब आरामखुर्ची. चिनी लोक तिला झिंगलेल्या म्हाताऱ्याची खुर्ची म्हणतात. शोरूममधली सगळ्यात महागडी. बिपिन शेजारच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांना आणायला पळाला. मी ओढणी ओली करून दत्तारामच्या मानेला लावली.

परब साहेब आले. त्यांची नजर आधी दत्तारामवर गेली की खुर्चीवर, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

"अहो, ती सोल्ड आहे! उम्म खालिदची आहे! घामाचे डाग पडतील, खाली झोपवा त्याला!"

उम्म खालिद म्हणजे अर्बाबची आई, सगळे तिला मामा म्हणायचे, तिकडे मामा म्हणजे आई. मी म्हटलं, "हात लावून तर बघा या माणसाला."

डॉक्टर आले. सलाइन लावली, म्हणाले, वेळेवर आत आणलंत, आता हलवू नका. आणि तेवढ्यात दार उघडलं. उम्म खालिद स्वतः, काठी टेकत, खुर्ची बघायला. मत्रह बंदरातल्या जुन्या व्यापारी घरातली बाई, हिंदी आमच्यापेक्षा चांगली.

परब साहेब पुढे धावले. "मामा, सॉरी, सॉरी! आपको नया पीस देगा. एकदम अनटच्ड!"

तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दत्तारामच्या पायांकडे बघितलं. बूट तसेच होते, पट्टीवर टेकलेले.

"ये गिरा कैसे?"

 मी तोंड उघडलं, पण बिपिन आधी बोलला. तोच बिपिन, ज्याच्या तोंडून मी कधी सरळ वाक्य ऐकलं नव्हतं.

"धूप में माल उतार रहा था, मामा. बारा बजे से. साहब ने बोला था."

उम्म खालिदने परब साहेबांना काठीने दार दाखवलं. "बाहर जा. ये जब तक उठे नहीं, अंदर मत आना."

परब साहेब हसले. त्यांना वाटलं, गंमत. "मामा, बाहर तो बहुत गर्मी है."

"हाँ," ती म्हणाली.

ते गेले. काचेतून दिसत होते. कंटेनरच्या पत्र्याला हात लागला तेव्हा झटकन मागे घेतला, ते दिसलं. मग रुमाल डोक्यावर घेऊन उभे राहिले. उम्म खालिद एका स्टुलावर बसून तसबीहचे मणी ओढत राहिली. डॉक्टर नाडी बघत राहिले. शोरूममध्ये फक्त एसीचा आवाज.

कधीतरी दत्तारामनी डोळे उघडले. आपण कुठे आहोत ते बघून दचकले, उठायला लागले. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. मग त्यांचं लक्ष काचेबाहेर गेलं.

"मॅडम, साहेब उन्हात का उभेत? त्यांना आत बोलवू का?"

मी त्यांच्या हातात ग्लास दिला.

"दत्ताराम, आधी पाणी प्या. सावकाश."